समासातले आकडे

१

तक्रार शुक्रवारी सकाळी साडेआठला आली, आणि ती वाचून वहीबाईंना आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं? फार वाईट वाटलं, असं त्या पुढे सगळ्यांना सांगणार होत्या, पण त्या घटकेला झाला तो आनंदच. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

वहीबाई या केंद्रातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे अशा माणसांच्या घरी जायचं आणि निदान त्यांच्या वेदना तरी कमी करायच्या, हे केंद्राचं काम. तीस वर्षं त्या ते करत होत्या. प्रत्येक रुग्णाची त्यांची एक वही असे, आणि तिच्यात झोप, भूक, वेदना यांच्याही आधी पहिला रकाना असे शौचाचा. कधी झालं, किती झालं, कसं झालं. नव्या मुली तोंडाला पदर लावून हसत, डॉक्टर चेष्टा करत, पण वहीबाई बधल्या नाहीत. नाव मात्र कायमचं चिकटलं.

तक्रार चष्मेवाल्या अण्णांच्या मुलीने लिहिली होती. "गेले दहाबारा दिवस वडील वेदनेने तळमळत आहेत. मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडून मोजून येतात, मोजून संपतात, आणि गुण शून्य. गोळ्या आणून देते ती तुमची नवी मुलगी. खऱ्या गोळ्या स्वतः ठेवून ती भलत्याच गोळ्या देत असावी, असा आमचा दाट संशय आहे."

ही नवी मुलगी म्हणजे चिमणी. आवाज बारीक, म्हणून चिमणी. दोन महिन्यांपूर्वी ती केंद्रात आली. तोवर अण्णांकडे मंगळवार आणि शुक्रवार असे दोन्ही वार वहीबाईच जात. मॅडमनी मंगळवार काढून चिमणीला दिला, आणि बघता बघता अण्णांचा सगळा आठवडा मंगळवारचा होऊन गेला. "आज कोण? शुक्रवार का? बरं," असं ते म्हणायचे. त्या 'बरं'मुळे वहीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबत. तीस वर्षांत त्यांना कुणी असं 'बरं' म्हटलं नव्हतं.

केंद्राच्या प्रमुख मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. "मॉर्फिनची चोरी म्हणजे पोलीस आले. पोरीचं लायसन्स जाईल, जन्मात पुन्हा हे काम करता येणार नाही तिला. तिला मी आज घरी बसवलंय. तुम्ही त्या घरात तिच्या आधीपासून जाताय. संध्याकाळपर्यंत मला सांगा, चोरी झालीय की नाही. तुमची वही काय म्हणते?"

वही काय म्हणते, ते वहीबाईंना न उघडताच माहीत होतं. वही म्हणत होती की पोरगी निर्दोष आहे.

"बघून सांगते," त्या म्हणाल्या, आणि वही पिशवीत तळाशी सारली.

२

नऊ वाजेपर्यंत ती वही पिशवीतच होती. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्या वही घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. त्यातही एक आशा होतीच की डॉक्टर म्हणतील, तुमच्या वहीत काही अर्थ नाही.

डॉक्टरांनी पानं चाळली. "शौच बंद, शौच बंद, तीन दिवस बंद. या मंगळवारी चिमणीने मला विचारून ते पोट मोकळं करायचं इंजेक्शन दिलं, तासाभरात साफ. आणि पुन्हा बंद. सिस्टर, यात चोरी कुठेय? मॉर्फिन जातंय की पोटात!"

बसायला स्टूल ओढून वहीबाईंनी मान हलवली. हे शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं. मॉर्फिन शरीरात जिथे जाऊन बसतं त्या जागांना डॉक्टर रिसेप्टर म्हणत, वहीबाई खुर्च्या म्हणत. त्या खुर्च्या मेंदूत आहेत, तशाच हुबेहूब आतड्याच्या भिंतीतही आहेत. मेंदूतल्या खुर्चीवर औषध बसलं की दुखणं थांबतं. आतड्यातल्या खुर्चीवर बसलं की आतड्याची पुढे ढकलायची हालचाल मंदावते, अन्न तिथेच रेंगाळतं, पाणी शोषलं जातं आणि पोटाचा दगड होतो. मंगळवारचं इंजेक्शन फक्त आतड्यातल्या खुर्च्या रिकाम्या करतं. मेंदूपर्यंत ते पोचतच नाही, म्हणून वेदना डोकं वर काढत नाहीत. त्या इंजेक्शनने पोट साफ झालं याचा अर्थ एकच. खुर्चीवर कुणीतरी बसलेलं होतं.

"मग दुखणं का थांबत नाही?" वहीबाईंनी विचारलं.

"सवय झाली. तेवढ्याच गोळीला मेंदू हळूहळू दाद देईनासा होतो, आतड्याला मात्र सवय लागत नाही. पोट बंद आणि दुखणं चालू, अगदी पुस्तकातलं चित्र आहे. उद्या सकाळी दहाला मी जातोय. तिप्पट डोस, थेट इंजेक्शनमधून. मॅडमना सांगा, पोरीला परत बोलवा."

झालं. सगळं सुटलं. वहीबाईंनी उठायला हवं होतं, पण त्या उठल्या नाहीत. अण्णांची सवय इतकी एकाएकी कशी झाली, ही पाल त्यांच्या मनात चुकचुकली. सवय जिना उतरल्यासारखी पायरी पायरीने लागते, हे त्यांनी शेकडो जणांत पाहिलं होतं. अण्णा एका दिवसात खाली कोसळले होते.

"डॉक्टर, समजा अण्णा गेले दहाबारा दिवस मॉर्फिन घेतच नसतील, आणि उद्या तुम्ही तिप्पट दिलंत तर?"

डॉक्टर हसले. "तर श्वास थांबेल आणि आपण दोघं तुरुंगात जाऊ. पण तुमची वहीच सांगतेय ना की तो घेतोय!"

३

अण्णांचं घर त्यांच्या बंद पडलेल्या दुकानाच्या वरच होतं. जिन्यात काचेची कपाटं, त्यात रिकाम्या फ्रेमा. कंबरेच्या हाडात दुखणं उतरेपर्यंत छत्तीस वर्षं अण्णा रोज तेरा तास खाली दुकानात असत.

दार मुलीने उघडलं. ती गेल्या रविवारी परगावाहून आली होती आणि पाच दिवसांची झोप तिच्या डोळ्यांखाली साठली होती. "तुम्ही तिलाच पाठीशी घालायला आलाय ना?"

"मी कुणाच्याच पाठीशी नाही," वहीबाई म्हणाल्या, आणि निदान तेवढं तरी खरं होतं. "गोळ्या कोण देतं?"

"आई देते. मंगळवारी पाकीट आलं की आठवड्याच्या डबीत भरते. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मी पाच दिवस बघतेय, एकदाही चुकलेली नाही. मूठभर गोळ्या असतात, त्यात ती वेदनेची." तिने आवाज खाली आणला. "तिच्याशिवाय एक मामा आहे. आईचा भाऊ. मदतीला म्हणून आलाय दोन महिने, आणि सारखा कंबर धरून बसलेला असतो. मला आधी त्याचाच संशय आला होता."

कंबर धरूनच मामा पेपर वाचत होते. वहीबाई समोर बसल्या.

"मामा, सरळ विचारते. पोट कसं आहे तुमचं?"

मामांचा पेपर खाली आला. उभ्या जन्मात कुणी त्यांची इतक्या आपुलकीने चौकशी केली नसावी. "पोट ना? एक नंबर! सकाळी सहा वीसला जातो, सहा पंचवीसला बाहेर. घड्याळ लावून घ्या."

"रोज?"

"रोज. विचारा पाहिजे तर. दोन महिन्यांत एक खाडा नाही."

मुलीने कपाळाला हात लावला, पण वहीबाईंनी मनातल्या यादीवरून मामांचं नाव खोडलं. चोरून मॉर्फिन खाणाऱ्याचं पोट सहा पंचवीसची वेळ पाळत नाही.

"अण्णांना हे एवढं दुखायला कधीपासून लागलं, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं! तो शर्ट बघा." दाराच्या खुंटीला निळा शर्ट हँगरवर टांगलेला होता, बाह्यांवर इस्त्रीची धारदार घडी. "मागच्या आठवड्यातल्या सोमवारी भावजींनी ताईला सांगितलं, उद्या मंगळवार आहे, माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेव. स्वारी खुशीत होती. दाढी करून घेतली माझ्याकडून. चिमणी येणार म्हणून!" मामा गालात हसले. "ताईने इस्त्री केली, टांगला. मंगळवारी उठले ते कण्हतच. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, अंगावर काटा. आम्हाला वाटलं सर्दी. शर्ट तसाच राहिला."

वहीबाईंनी वही उघडली. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "सर्दी. अंगावर काटा. गरम पाणी प्यावे."

मॉर्फिन एकदम तुटलं की पहिल्या चारपाच दिवसांत माणसाचं नेमकं असंच होतं. तीस वर्षांची सिस्टर, आणि तिने लिहिलं काय, तर गरम पाणी प्यावे.

४

आतल्या खोलीत अण्णा कुशीवर मुटकुळं करून पडले होते. काकू, त्यांची बायको, पलंगाला खुर्ची चिकटवून बसलेल्या. अण्णांची पाचही बोटं त्यांच्या मनगटाभोवती आवळलेली होती आणि तिथे जुने-नवे वळ दिसत होते.

"हात सोडत नाहीत हो," काकू म्हणाल्या. "मी न्हाणीत गेले तरी हाका मारतात. मुलगी बसते म्हणाली, तर नको म्हणाले. मीच लागते."

शब्द तक्रारीचे होते. सूर मात्र तक्रारीचा नव्हता, आणि तो वहीबाईंच्या कानाला ओळखीचा वाटला. मंगळवार जाण्यापूर्वी त्या स्वतः केंद्रात याच सुरात सांगत असत की अण्णांना माझ्याशिवाय कुणी चालतच नाही.

"अण्णा, शुक्रवार आलाय."

"सिस्टर," ओठ चावत अण्णा म्हणाले, "ते 'बरं' म्हणायचं राहू द्या आज. काहीतरी करा."

वहीबाईंनी पडदा ओढला आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाकल्या. डोळ्यांच्या काळ्या बाहुल्या मोठ्या, टपोऱ्या होत्या. मॉर्फिनवरच्या माणसाची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि महिनोन्‌महिने तशीच राहते. दुखण्याला सवय लागते, बाहुलीला जवळजवळ लागतच नाही. या बाहुल्यांनी मॉर्फिनचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

पोट म्हणत होतं मॉर्फिन आहे. डोळे म्हणत होते नाही. एकाच माणसात दोन साक्षीदार, आणि दोघांच्या जबान्या उलट्या.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," वहीबाई म्हणाल्या. "जरा बाहेर बसते."

५

जिन्यातल्या पायरीवर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली. या वेळी त्यांनी रकाने वाचलेच नाहीत, डावा समास वाचला.

समासात चिमणीचं बारीक अक्षर होतं. अण्णांनी तिला चष्मेवाल्यांच्या पट्टीने डोळ्याची बाहुली मोजायला शिकवलं होतं. दर वेळी त्याच खिडकीशी, पडदा ओढून. ती दर मंगळवारी मिलिमीटरचा आकडा समासात टाकायची. वहीबाईंच्या वहीत! त्यांचा तिळपापड झाला होता, आणि दर शुक्रवारी त्यांनी लाल पेनने त्या आकड्यावर रेघ मारली होती.

रेघेखालून आकडे स्वच्छ दिसत होते. दोन. दोन. दोन. दोन. दोन. मग त्या सर्दीच्या मंगळवारी चार. या मंगळवारी पाच, अजून रेघ न मारलेला.

त्यांनी चिमणीला फोन लावला. पलीकडचा आवाज रडून घोगरा झाला होता.

"तो चारचा आकडा तू कधी घेतलास? पाकीट दिल्यावर की आधी?"

"आधी, सिस्टर. पोचल्या पोचल्या. पाकीट पिशवीतच होतं. ते सारखे जांभया देत होते. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. बुधवारी, हात धुवायच्या बेसिनपाशी. "सिस्टर, अण्णांची बाहुली एकदम मोठी झालीय, डॉक्टरांना विचारू का?" आणि वहीबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, "बाहुल्या मोजायच्या असतील तर चष्म्याचं दुकान काढ." सगळ्या हसल्या. पोरगी मूग गिळून गप्प बसली.

फोन ठेवून वहीबाईंनी स्वतःला विचार करायला भाग पाडलं. पाकीट यायच्या आधीच बाहुली मोठी झाली होती. म्हणजे मॉर्फिन घरात, आधीच्या पाकिटातून, सोमवारी संध्याकाळी बंद झालं. चिमणी त्या संध्याकाळी इथे नव्हती. मुलगी तर सहा दिवसांनी आली. आणि ज्याने पोट मुद्दाम बंद ठेवलं होतं, तो पोट उघडायचं इंजेक्शन स्वतःहून मागणार नाही. ते मागितलं चिमणीनेच.

पोट मुद्दाम बंद ठेवलं होतं. इथे त्या थबकल्या. मॉर्फिन तुटल्यावर अण्णांना जुलाब व्हायला हवे होते. झाले नाहीत, कारण आतड्यातल्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी आणून बसवलं होतं. असं एक औषध आहे की जे आतड्यातल्या खुर्च्यांवर बसतं आणि मेंदूच्या दारातून मात्र हाकललं जातं. जुलाब थांबवायची साधी गोळी. दुखण्यावर तिचा काडीचा उपयोग नाही. किरणांच्या उपचाराने अण्णांना जुलाब लागले होते, तेव्हा तिची बाटली वहीबाईंनीच या घरात दिली होती.

पण इतकं करायचं कशाला? चोराला गोळ्याच हव्या असत्या तर त्याने बदली साखरेची गोळी ठेवली असती. पोट सांभाळलं ते वहीला फसवायला. म्हणजे ज्याने हे केलं त्याला ठाऊक होतं की मॉर्फिन तुटलं तर वहीतला पहिला रकाना ओरडेल. आणि हेही ठाऊक होतं की ती दुसरी गोळी डोक्यात शिरत नाही.

ही दोन्ही वाक्यं या घरात मोठ्याने बोलली गेली होती. "ही गोळी आतड्यापाशीच थांबते, डोक्यात शिरत नाही, तेव्हा गुंगीची काळजी नको." आणि महिन्याभराने, चिमणी आल्यावर, जरा ताठ मानेनं, "त्या पोरीला काय कळतंय! माझ्या वहीला कुणी फसवू शकत नाही. गोळी चुकली की पोट मोकळं होतं, आणि मला कळतं."

ती वहीबाई स्वतःच बोलल्या होत्या. एकाच बाईपाशी.

६

दुपारचे चार वाजले होते. वहीबाईंनी मुलीला आणि मामांना आतल्या खोलीत बोलावलं. अण्णा डोळे मिटून होते. काकू जागच्या हलल्या नाहीत, त्यांना हलता येतही नव्हतं.

"चोरी झालेली नाही," वहीबाई म्हणाल्या. "चिमणीने काही घेतलेलं नाही. मामांनीही नाही."

"माझं नाव कुठून आलं?" मामा म्हणाले.

"पण अण्णांना मागच्या आठवड्यातल्या सोमवारच्या संध्याकाळपासून मॉर्फिनची एकही गोळी मिळालेली नाही. त्याऐवजी जुलाब थांबवायची गोळी मिळतेय." मग त्यांनी पोटाची साक्ष सांगितली, डोळ्यांची साक्ष सांगितली, सर्दी कसली होती ते सांगितलं. कुणाकडेही न बघता सांगितलं. "उद्या दहाला डॉक्टर तिप्पट डोस देणार आहेत. ते समजतायत की शरीराला गोळीची सवय आहे. ती सवय आता मोडलीय. इतकं औषध एकदम गेलं तर श्वास बंद पडेल. अण्णा अकरा वाजता या खोलीत नसतील."

मुलगी आईकडे बघू लागली. तिला कळायला वेळ लागला नाही, कारण डबी भरणारं माणूस घरात एकच होतं.

"आई?"

काकूंनी मोकळ्या हाताने उशीखालून चष्म्याची एक जुनी डबी काढली आणि पांघरुणावर ठेवली. मुलीने ती उघडली. आत मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. वहीबाईंनी मोजल्या. बावीस. सोमवार संध्याकाळपासून आज सकाळपर्यंतच्या सगळ्या, एकही कमी नाही.

"मला कुठे विकायच्या होत्या?" काकू म्हणाल्या.

"मग का? का केलंस हे?" मुलीचा आवाज फुटला.

"छत्तीस वर्षं," काकू म्हणाल्या. "छत्तीस वर्षं खाली गिऱ्हाइकांशी हसत बोलायचे, आणि वर आले की, जेवायला काय आहे. आजारी पडले तेव्हा पहिल्यांदा माझा हात धरला. तीन आठवडे. वाईट आहे हे बोलणं, पण माझे तेवढेच दिवस चांगले गेले या घरात. मग ती गोळी आली. दुखायचं थांबलं, आणि मी पुन्हा जेवायला काय आहे झाले. ती मुलगी यायची, हे तिला काचा दाखवायचे, पट्टी धरायला शिकवायचे. मला कधी दुकानात स्टुलावर बसा म्हणाले नाहीत. आणि त्या सोमवारी म्हणाले, उद्या ती येणार आहे, निळा शर्ट इस्त्री कर. मी केली हो इस्त्री. मलाच सांगितली आणि मी केली. एकच दिवस करणार होते. एकच मंगळवार. पण दुखायला लागल्यावर त्यांनी माझाच हात मागितला."

मामा पेपरची घडी घालत होते आणि ती घडी काही केल्या सरळ बसत नव्हती.

"आणि वहीत येऊ नये म्हणून पोट बंद ठेवलंत," वहीबाई म्हणाल्या.

काकूंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हीच सांगितलंत ना, तुम्हाला कशावरून कळतं ते. मला तरी नाहीतर कुठून सुचायला?" आणि मग हळू आवाजात, "तुम्हालाही ती आवडत नव्हती, सिस्टर. मला माहीत होतं. तुम्ही तिचे आकडे खोडायचात, मी बघायचे."

मुलीने पांघरुणावरची गोळ्यांची डबी उचलून घेतली. अण्णांनी डोळे उघडले. त्यांनी किती ऐकलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. त्यांची बोटं मात्र काकूंच्या मनगटावरून सुटली आणि पांघरुणावर रिकामीच पडून राहिली.

वहीबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. "उद्याचं इंजेक्शन रद्द," सगळं ऐकून ते म्हणाले. "मी आत्ताच निघतो. लहान डोसपासून सुरुवात करू, अगदी पहिल्यासारखी. सिस्टर, थोडक्यात वाचलो हो आपण."

७

शनिवारी दुपारपर्यंत अण्णांचं दुखणं उतरलं. ते चार तास सलग झोपले. मुलीने तक्रार मागे घेतली आणि मॅडमनी चिमणीला परत बोलावलं. काकूंच्या बाबतीत काय करायचं हे मॅडमनी स्वतःकडे ठेवलं, पण त्यासाठी त्यांना वहीबाईंचा लेखी अहवाल हवा होता, संध्याकाळपर्यंत.

वहीबाई चेंजिंग रूममधल्या बाकावर बसून तो लिहीत होत्या. चिमणी आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती हसत होती. तिने वाकून वहीबाईंच्या पायांना हात लावला.

"सिस्टर, मॅडमनी सांगितलं सगळं. तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं? तुम्हीच मला वाचवलंत."

हे ऐकायला फार गोड होतं. दोन महिन्यांत वहीबाईंना कुणी इतक्या प्रेमाने 'तुम्हीच' म्हटलेलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी गोष्ट तिथे संपली असती. मॅडमना जे सांगितलं होतं त्यात बुधवारचं बेसिन नव्हतं, आणि जिन्यात बसून आठवलेली ती दोन वाक्यंही नव्हती. काकू ते कुणाला सांगत बसणार नव्हत्या, आणि सांगितलं असतं तरी आता त्यांचं कोण ऐकणार होतं?

"बस," वहीबाई म्हणाल्या आणि कागद तिच्यापुढे धरला. "आधी हे वाच."

चिमणी वाचू लागली. पहिलं पान भराभर. दुसऱ्यावर ती मंदावली. तिथे लिहिलेलं होतं की ही युक्ती रुग्णाच्या पत्नीला माझ्या बोलण्यातून कळली. की मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी रुग्णाला तपासलं तेव्हा औषध तुटल्याची लक्षणं समोर असून मी सर्दी लिहिली. की कनिष्ठ सिस्टरने बुधवारी बाहुलीतला बदल माझ्या नजरेस आणला होता, आणि मी तिला सगळ्यांदेखत गप्प केलं. मला तिचा हेवा वाटत होता, हेही लिहिलं होतं, त्याच शब्दांत, कारण त्याला दुसरा शब्द वहीबाईंना सापडला नव्हता.

तिचं हसू कधी गेलं ते वहीबाईंना दिसलं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"हे मॅडमना द्यायचंच आहे?"

"द्यायचंच."

वहीबाईंना वाटलं, आता ती म्हणेल, असू द्या सिस्टर. ती चांगली मुलगी होती, तिने तसं म्हटलं असतं तर नवल नव्हतं. आणि तिने तसं म्हणावं असं त्यांना फार, फार वाटत होतं.

"त्या बुधवारपासून कालच्या शुक्रवारपर्यंत," चिमणी तिच्या बारीक आवाजात म्हणाली. "नऊ दिवस. नऊ दिवस ते ओरडत होते, सिस्टर."

"हो," वहीबाई म्हणाल्या.

चिमणीने कागद त्यांच्या हातात परत दिला, ॲप्रन चढवला आणि अण्णांकडे जायला निघाली. वहीबाईंनी 'नऊ दिवस' हे दोन शब्द शेवटच्या ओळीत घातले आणि खाली सही केली.